मदत हवी आहे: भाचीच्या कादंबरीतली जादू फार स्वस्त आहे!

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. दहावीतली भाची मराठीत फँटसी कादंबरी लिहितेय (बोर्डाचं वर्ष आहे, ते वेगळंच). जागा झकास निवडलीय: मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांच्या काळातली ती काचेची जमीन. वर कोणी चाललं की खाली कपाटांमध्ये सावली सरकते. तिथूनच नायिका दुसऱ्या जगात उतरते. पण पुढे अडलं की मंत्र, लगेच सुटका! मला वाटतं, जादू करताना काहीतरी गमवावं लागलं पाहिजे, आणि ऐनवेळी मोठ्यांनी येऊन सोडवायचं नाही. भाची म्हणते, "मावशी, मग मजा काय?"

जादूचे नियम सुरुवातीलाच सांगावेत की हळूहळू उलगडावेत? पंधरा-सोळाच्या मुलांना काय जास्त भावतं?