मदत हवी: ओव्हनमध्ये सुकवलेल्या काळ्या मातीची छिद्रं मोजण्यात अर्थ आहे का?

विदर्भकन्या: एकाच मातीचे दोन तुकडे. एक १०५ अंशांवर ओव्हनमध्ये सुकवला, दुसरा सावलीत. पाऱ्याच्या पोरोसिमीटरवर (दाबाने पारा घुसवून छिद्रं मोजणारं यंत्र) दोघांचे आलेख वेगळे. खरा कोणता? सर सोमवारी विचारणार आहेत, लवकर सांगा प्लीज.

काळी_कसदार: माती कुठली? नमुना अखंड की कुटलेला? पाणी किती होतं? काहीच सांगितलं नाही ताई.

विदर्भकन्या: नागपूरचीच काळी, वाडीच्या पुढची. अखंड, पूर्ण संपृक्त, म्हणजे सगळी छिद्रं पाण्याने भरलेली. तुकडे सुपारीएवढे.

ढेकूळ: मग दोन्ही खोटे. आपली माती बसाल्टची, मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या चिकणखनिजाने भरलेली. पाणी उडताना पृष्ठताण कणांना जवळ ओढतो आणि छिद्रं आकसतात. सुकल्यावर तुकड्याची मापं घेतली का? आकार घटला म्हणजे मूळ रचना गेली. गोठवून सुकवा.

जुना_लॅबवाला: कशाला ती भानगड? आयएस २७२० या माती तपासण्याच्या भारतीय मानकात ओव्हनच दिलाय. आम्ही जन्मभर तेच केलं.

ढेकूळ: ते पाण्याचं प्रमाण काढायला, भाऊ. वजन बरोबर येईल, रचना नाही.

धरमपेठकर: आमच्या कंपाउंडच्या भिंतीला दर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेग पडते. मातीत चुना मिसळा, फुगणं कमी होतं.

विदर्भकन्या: काका, मला भिंत नाही बांधायची. गोठवायला डीप फ्रीजर चालेल?

ढेकूळ: अजिबात नको! हळू गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पाणी ९ टक्के फुगतं, कण बाजूला सरकतात. मग यंत्र बर्फाने पाडलेली छिद्रं मोजतं. सेंटिमीटरहून लहान तुकडे करा, द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात बुडवा. थेट नायट्रोजनमध्ये नको, भोवती वायूचा थर धरतो आणि गोठणं मंदावतं. नंतर निर्वातात बर्फाची सरळ वाफ होऊ द्या.

काळी_कसदार: त्यापेक्षा क्रिटिकल पॉइंट ड्राइंग करा, म्हणजे छिद्रांत द्रव कार्बन डायऑक्साइड भरून सुकवा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७३ वातावरणदाबाच्या वर नेला की पृष्ठताणच उरत नाही.

ढेकूळ: त्याआधी पाणी काढून ॲसिटोन भरावं लागतं. फुगणाऱ्या मातीत त्यानेही थरांतलं अंतर बदलतं. आणि सोमवारपर्यंत हे होणार कधी?

काळी_कसदार: घाईत केलेलं काम सरांना दाखवूच नये.

ढेकूळ: ताई, आज एवढं करा. संपृक्त नमुन्याचं पोकळी गुणोत्तर (छिद्रांचं घनफळ भागिले कणांचं घनफळ) म्हणजे पाण्याचं प्रमाण (पाण्याचं वजन भागिले सुक्या मातीचं) गुणिले विशिष्ट गुरुत्व (कणांची घनता पाण्याच्या किती पट). पाऱ्याने आलेल्या गुणोत्तराशी ताडा. पारा अतिबारीक छिद्रांत शिरत नाही, तेवढा फरक राहणारच. त्यापलीकडची तूट बहुतेक सुकवण्याची.

विदर्भकन्या: विशिष्ट गुरुत्व २.७ धरू?

जुना_लॅबवाला: धरू नका. घनता बाटली घ्या आणि मोजा.