मदत हवी आहे: स्लीपमधून उठला की लॅपटॉप हँग

परभणीजवळ गावात ई-सेवा केंद्र चालवतो. लॅपटॉपचं झाकण उघडलं की स्क्रीन लागते, पण घड्याळ झाकण लावलं त्याच वेळेवर अडकलेलं. माऊस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. पॉवर बटण दाबून धरायचं, दुसरा इलाज नाही. काल पीक विम्याचा अर्धा भरलेला फॉर्म असाच गेला, अन् काका समोरच बसलेले!

विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी. फास्ट स्टार्टअप बंद केलं, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला, फरक शून्य. हायबरनेट केला (म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद) तर मात्र नीट उठतो. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारा (त्याचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध).

बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बघू का? बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते, मधेच लाईट गेली तर काय, ही धास्ती आहे. कुणी केलंय का?