फँटसी फुटबॉलच्या लिलावाचा शेवटचा टप्पा कसा आवरावा? मदत हवी आहे

आमच्या बारा संघांच्या फँटसी लीगमध्ये (एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे अमेरिकन फुटबॉल; खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या सामन्यांतील कामगिरीवर गुण मिळवायचे) आम्ही खेळाडू पाळीपाळीने न निवडता लिलावाने घेतो. प्रत्येकाला लुटुपुटूचे २०० डॉलर आणि १६ जागा, म्हणजे एकूण १९२ खेळाडूंवर बोली लागते. बोलीसाठी पुढच्या खेळाडूचे नाव पुकारण्याची पाळी क्रमाने फिरते आणि रिकाम्या राहणाऱ्या प्रत्येक जागेसाठी एक डॉलर राखावा लागतो; त्यामुळे पाच जागा आणि २३ डॉलर शिल्लक असलेल्याला १९च्या वर जाता येत नाही. हा हिशेब स्प्रेडशीट बिनचूक करते, तेव्हा ती अडचण नाही.

अडचण वेळेची आहे. पहिले शंभरएक खेळाडू चुरशीत जातात. नंतर मात्र बहुतेकांचे खिसे रिकामे होतात, तरीही एका डॉलरच्या किकरसाठी (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू) "एक वार, दोन वार" म्हणत थांबावे लागते. मागच्या खेपेस पाच तास लागले. बोलीची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणून पाहिली, पण घाईत चुकीच्या बोली लागून वादच वाढले. ऑनलाइन लिलाव बहुमताने नाकारला गेला आहे, कारण समोरासमोरची गंमत कोणालाच सोडवत नाही.

म्हणून १२० खेळाडू विकले गेल्यावर उरलेले बंद चिठ्ठ्यांनी विकावेत, असा विचार आहे. ज्यांनी हे केले असेल त्यांनी कृपया सांगावे: दोन चिठ्ठ्यांवर सारखीच रक्कम निघाल्यास खेळाडू नाव पुकारणाऱ्याला द्यावा, की ज्याच्या अधिक जागा रिकाम्या आहेत त्याला?