ट्रान्स बनवणं जास्त अवघड की हाऊस?

हलगीवाला_इचलकरंजी:
मिरवणुकीसाठी एफएल स्टुडिओ या म्युझिक सॉफ्टवेअरवर हलगी मिक्स करून देतो. आता स्वतःचं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक करायचंय. आवडतं ट्रान्स, पण मित्र म्हणतो आधी हाऊस कर, चार लूप (परत परत वाजणारे छोटे तुकडे) एकावर एक ठेवले की झालं. खरंय का? लॅपटॉप ८ जीबीचा, हेडफोन साधे.

रात्रपाळी:
मित्राला म्हणावं, त्याच चार लूपवर सहा मिनिटं लोकांना नाचवून दाखव.

ट्रान्समध्ये काम ढीगभर असतं, हे खरं. १३८ बीपीएमचं (मिनिटाला १३८ ठोके) अपलिफ्टिंग ट्रान्स घे. लीडला, म्हणजे मुख्य सुरावटीला, सुपरसॉ आवाज लागतो, रोलँडच्या जेपी-८००० सिंथमुळे गाजलेला. एका सुरात सात सॉ-वेव्ह (करवतीच्या दातांसारख्या लहरी), थोड्या थोड्या बेसूर केलेल्या. चार सुरांची कॉर्ड धरलीस की २८ झाल्या, वर आणखी दोन थर. तुझा लॅपटॉप तिथेच धापा टाकणार. प्रत्येक थर ऑडिओ करून ठेवत जा. मग ब्रेकडाउन (मधला शांत भाग), रायझर (चढत जाणारा आवाज), फिल्टरचं ऑटोमेशन (आवाज आपोआप बदलत नेणं). दमवणारं आहे, पण पुढे काय करायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं.

हाऊसमध्ये ते माहीत नसतं. १९८० च्या दशकात शिकागोतल्या पोरांकडे ड्रम मशीन आणि एखादा सिंथ, एवढंच सामान. टीआर-९०९ ड्रम मशीनवर १६ स्टेप आणि शफल (ठोके जरा झुलवणं). आजही १२४ च्या आसपास किक (खालचा ढम्म ठोका), क्लॅप, हॅट (झांजेचा छिस्स आवाज), बास, दोन कॉर्ड. हॅट काही मिलिसेकंद मागे सरकली की पाय हलतात, पुढे आली की पळापळ वाटते. हे कुठल्या ट्यूटोरियलमधून येत नाही. आणि बास जरा चुकला तर झाकायला वर रिव्हर्बचा (घुमणाऱ्या आवाजाचा) डोंगरही नसतो. माझ्या मते हाऊस अवघड. लोक भांडतील, भांडू देत.

मोरजीकर:
भांडायलाच आलेय. ट्रान्स म्हणजे नुसतं अपलिफ्टिंग का हो दादा? आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावरचं साय, म्हणजे सायट्रान्स, करून बघा. १४५ बीपीएमला बीटचा चौथा भाग जेमतेम १०३ मिलिसेकंद. पहिल्यात किक, उरलेल्या तिनांत बास. किकचं शेपूट जरा लांबलं की बासवर चढतं आणि खाली नुसती गुरगुर. माझा निम्मा वेळ किक-बासमध्येच जातो, मेलडी नंतर. तिथेही रिव्हर्बमागे लपता येत नाही.

रात्रपाळी:
ताई, सायपुढे हात जोडले. ते वेगळंच प्रकरण.

हलगीवाला_इचलकरंजी:
म्हणजे मी काय करू? दोघांनी मिळून घाबरवलंत.

रात्रपाळी:
भावा, तुझ्याकडे हलगी आहे की. सॅम्पल पॅकमधली नको, गल्लीतला वाजवणारा बोलाव. १२४ चा क्लिक कानात देऊन दहा मिनिटं वाजवून घे, मोबाईलवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल. क्वांटाइझ (सॉफ्टवेअरने ठोके काटेकोर मापात बसवणं) अजिबात करू नको. त्यातले आवडलेले दोन बार काप, खाली साधी किक, आणि बास त्या हलगीच्या चालीने हाताने बसव, ग्रिडला चिकटवून नाही. साध्या हेडफोनमध्ये ५० हर्ट्झच्या खालचं नीट कळणार नाही, तेवढं स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (खालचे-वरचे आवाज किती ते दाखवणाऱ्या आलेखावर) बघ. मिरवणुकीच्या डीजेवाल्याशी ओळख असेलच, सिस्टिम लावताना एकदा तिथे वाजवून ऐक. सुपरसॉ पुढच्या वर्षी.

मोरजीकर:
आणि झालं की इथे टाक. किक मी तपासणार.