दंडपेशीत लॅमिन ए/सी दिसले नाही, म्हणजे ते नाहीच का?

पटलवाचक
उंदराच्या दृष्टिपटलाचा काप अँटिबॉडीने रंगवला, दंडपेशींच्या (अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींच्या) केंद्रकांभोवती लॅमिन ए/सी या केंद्रकाला आतून अस्तर देणाऱ्या प्रथिनाची कडी उमटली नाही, की 'प्रथिन अनुपस्थित' असा शेरा मारला जातो. हे मला पटत नाही. ऊती टिकवणाऱ्या ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये डोळा रात्रभर पडला तर अँटिबॉडी चिकटण्याची जागाच झाकली जाऊ शकते. निदान लागोपाठचे दोन काप घ्या: एक तसाच रंगवा, दुसरा १० मिलिमोलर सायट्रेटमध्ये (पीएच ६) ९५ अंशांवर १५-२० मिनिटे तापवून, म्हणजे झाकलेली जागा उघडेल. क्रायोसेक्शन (गोठवून घेतलेला काप) असेल तर चिकट लेपाची स्लाइड हवीच, नाहीतर काप सुटून तरंगायला लागतो.

गुणसूत्र
त्याच कापात लॅमिन बी१ या भावंड प्रथिनाची कडी स्वच्छ येते. मग अँटिबॉडी आत शिरलीच नाही असे कसे म्हणता? शिवाय इरिना सोलोवेई आणि सहकाऱ्यांचे २०१३चे काम आहे. हेटरोक्रोमॅटिनला (घट्ट गुंडाळलेल्या डीएनएला) केंद्रकाच्या कडेला धरून ठेवणारे दोन दोर आहेत, एलबीआर (केंद्रकाच्या आवरणातले प्रथिन) आणि लॅमिन ए/सी. दोन्ही नसले की ते मध्यभागी गोळा होते. डॅपी या डीएनएच्या रंगाने रंगवा: प्रौढ उंदराच्या दंडपेशीत मधोमध एकच ठसठशीत ठिपका, भोवती फिकट वलय. त्याच पेशींत एलबीआर जनुक घातले की कडेचे मध्यभागी येण्याची ही उलटापालट होतच नाही. याहून काय पुरावा हवा?

पटलवाचक
एलबीआरबाबत मान्य. पण उलटे केंद्रक एवढेच सांगते की दोर बांधलेला नाही. लॅमिन ए/सी थोडे असेल आणि त्याला क्रोमॅटिनशी जोडणारे साथीदार प्रथिन नसेल, तरी चित्र हेच दिसेल. आणि लॅमिन बी१ने शिरकाव सिद्ध होतो, ए/सीची जागा उघडी आहे हे नाही.

सूक्ष्मदृष्टी
दोघांनीही कंट्रोलकडे (पडताळणीसाठीच्या तुलनेकडे) बघा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत लॅमिन ए/सी असते, म्हणून 'वाहिनी उजळली, अँटिबॉडी चालते' असे समजतात. पण उंदराच्याच ऊतीवर उंदरात बनवलेली अँटिबॉडी वापरली, तर तिला (प्राथमिक अँटिबॉडीला) पकडून उजळवणारी दुय्यम अँटिबॉडी वाहिनीत उरलेल्या रक्तातल्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही, चिकटते. फरक नीट पाहिला की कळतो: आयजीजी असेल तर सगळी पोकळी धूसर उजळते, लॅमिन असेल तर चपट्या केंद्रकाच्या कडेला बारीक रेघ. प्राथमिक अँटिबॉडी न घातलेला एक काप सोबत ठेवा. सशात बनवलेली अँटिबॉडी मिळाली तर हा घोळच टळतो.

गुणसूत्र
हे बरोबर, आणि उष्णतेला माझा विरोध म्हणूनच आहे. जास्त तापवले की पार्श्वभूमी चढते. दंडपेशींची जेमतेम ५ मायक्रोमीटरची केंद्रके इतकी खेटून असतात की दोघांमधली धूसर फट सहज कडी वाटते.

पटलवाचक
मग तापवलेल्या कापाचाही प्राथमिक अँटिबॉडीविना जोड ठेवा. दोन्हींत सारखीच 'कडी' आली तर ती मी मोजणार नाही. फक्त अख्ख्या दृष्टिपटलाचा वेस्टर्न ब्लॉट (ऊती विरघळवून प्रथिन पट्ट्याच्या रूपात पाहणे) पुढे करू नका. त्यातला पट्टा वाहिन्यांचा की दंडपेशींचा, हे कळायला मार्ग नाही.