जुन्या डेस्कटॉपचा पंखा घरघर करतोय, नेमका कोणता बदलू?

धरणगावकर
राम राम मंडळी. दुकानात जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, झेरॉक्सचं स्कॅनिंग सगळं त्याच्यावरच चालतं. आय-थ्री 2100 प्रोसेसर, एच61 मदरबोर्ड, मागे कधीतरी एसएसडी टाकली त्यामुळे स्पीडची काही तक्रार नाही आणि मशीन बदलायचा विचार पण नाही. पण आवाज डोकं उठवतो भो. सकाळी चालू केला की घर्रर्र, थोड्या वेळाने ते कमी होतं, मग दुपारी ऊन चढलं की वेगळाच सूंऽऽ सुरू होतो तो शटर पाडेपर्यंत. गिऱ्हाईक विचारतं आत चक्की लावली का. शेजारीच कापसाची जिनिंग (सरकी काढायचा कारखाना) आहे, सीझनमध्ये काय उडतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. एका दुरुस्तीवाल्याला विचारलं तर न उघडता म्हणाला कॅबिनेट, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा), प्रोसेसरवरचा कूलर सगळं बदला. एवढा खर्च करायची खरंच गरज आहे का? आणि पंखा घ्यायचा तर साइज कशी बघू, तीन पिन का चार पिन?

भुसावळी_बाबू
आधी काहीच घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे दोन वेगळे आवाज आहेत आणि बहुतेक दोन वेगळे पंखे. सकाळी घरघर आणि गरम झाल्यावर कमी, हे बेअरिंगचं लक्षण. स्वस्त पंख्यात साधं स्लीव्ह बेअरिंग असतं, आतलं तेल सुकत आलं की थंड असताना घासतं, गरम झालं की तेल पातळ होऊन जरा सुटतं. दुपारचा सूं म्हणजे पंखा चांगलाच आहे पण फुल स्पीडवर पळतोय, कारण सीपीयू, म्हणजे आतला प्रोसेसर, तापतोय आणि बोर्ड पंख्याला पळवतंय. दुसरा पंखा बदलून काही होणार नाही, नवा पण तसाच पळेल.
ओळखायचं असं. साइडचं पॅनल काढा, मशीन चालू ठेवा. मागचा कॅबिनेटचा पंखा बंद करून त्याचा प्लग काढला तरी पाच-दहा मिनिटं काही बिघडत नाही, आवाज गेला तर तोच. सीपीयूच्या पंख्याचा प्लग मात्र काढू नका, त्याच्या मधल्या गोल भागावर, जिथे स्टिकर असतो तिथे, बोटाने हलकं दाबून सेकंदभर थांबवा आणि ऐका. पात्यांत बोट घालू नका. दोन्ही थांबवून पण आवाज येतच असेल तर एसएमपीएस नाहीतर जुनी हार्डडिस्क.

धुळे_हार्डवेअर
बाबूंनी बरोबर सांगितलं. मी फक्त कापसाचं बोलतो कारण दिवाळीनंतर माझ्याकडे निम्मी मशीनं त्याचीच येतात. साध्या धुळीला ब्लोअर मारला की ती उडते, कापसाच्या तंतूंचं तसं नाही. सीपीयूचा पंखा वरून हवा खाली हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर मारतो, ते तंतू पंख्यातून आत जातात आणि बरोबर पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मधे जमतात, गोल चकती तयार होते, नखाने कोपरा धरून उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघते एवढी दाट. वरून बघितलं तर पंखा फिरतोय, सगळं ठीक दिसतं, पण खाली हवाच जात नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर ती अजून घट्ट बसते.
म्हणून कूलर पूर्ण काढायचा. इंटेलच्या त्या कूलरला चार पुश पिन असतात, वर बाण कोरलेला असतो. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. पिनची डोकी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवायची, मग वर ओढायची. आता कूलर निघाला म्हणजे त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट गेलीच, तशीच परत बसवायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने दोन्हीकडची पुसून काढा, नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी, पसरवत बसायची गरज नाही. बसवताना डोकी आधी उलटी फिरवून जागेवर आणा, मग समोरासमोरच्या दोन पिन एकदम दाबा, टक् आवाज आला पाहिजे, मग उरलेल्या दोन. बोर्डच्या मागून बघा चारही पिनांची टोकं बाहेर आलीत का. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर तिरका बसतो आणि आधीपेक्षा जास्त तापतो, माझ्याकडे "पेस्ट बदलली तरी गरम होतंय" म्हणून जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच असतं.
आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. पोरांना मजा वाटते तो गरगर फिरवायला, पण त्याच्या मापापेक्षा जोरात फिरला की बेअरिंगची वाट लागते.

नंदुरबार_९०
पिनचं कोणी सांगितलं नाही अजून. चार पिनवाला पीडब्ल्यूएम, चौथ्या तारेवरून बोर्ड स्पीड सांगतं. तीन पिनवाल्याचा स्पीड व्होल्टेज कमी करून उतरवतात. तीन पिनचा पंखा चार पिनच्या सॉकेटात बसतो, चालतो, फक्त बोर्ड व्होल्टेज कमी करत नसेल तर सतत फुल स्पीड. आणि सीपीयू फॅन लिहिलेल्या सॉकेटात सीपीयूचाच लावा, ते रिकामं राहिलं तर बरीच बोर्डं चालू होताना एरर देऊन थांबतात.
साइज फ्रेमच्या कडेपासून कडेपर्यंत मोजायची, स्क्रूच्या भोकांमधली नाही. 80 मिमीच्या पंख्यात भोकांमधलं अंतर 71.5 येतं, 92 ला 82.5 आणि 120 ला 105. जाडी बहुतेक 25 मिमी. जुना ब्रँडेड पीसी असला तर प्लग वेगळ्याच घडणीचा असू शकतो, तुमचा असेंबल आहे म्हणजे ते झंझट नाही.

धरणगावकर
धुळेवाले भाऊ, चकती निघाली. जशी लिहिली तशीच, गोधडीत भरता येईल अशी. पेस्ट पार वाळून खडूसारखी झाली होती, नवी लावली. दुपारचा सूं गेला म्हणजे अगदीच गेला. सकाळची घरघर मागच्या पंख्याची आहे, 80 चा आहे तो. शेजारचे टेलर म्हणतात तेल सोड, चालेल वर्षभर. सोडू का?

खान्देशी_भो
आमनाकडे बी हाईच शे भो, पहिले तेलच सुचतं सगळ्यांना 😄 सोड की, पण शिवण मशीनचं, स्टिकर अलगद उचलून आत एक थेंब, जास्त नाही, नाहीतर स्टिकर परत चिकटत नाही आणि तेल पात्यांवर उडून त्याच्यावर अजून कापूस बसतो. खोबरेल अजिबात नको, थंडीत थिजतं, आणि आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. पण हे काम चार महिन्यांचं आहे, एकदा घासलेलं बेअरिंग भरून येत नाही. काही पंख्यांना स्टिकरखाली प्लास्टिकचं बूच असतं, काहींना आत जायला वाटच नसते, ते सोडून द्यायचे.

भुसावळी_बाबू
नवाच घ्या, साधा पंखा दोन-तीनशेच्या आसपास येतो. जळगावला गोलाणी मार्केटात जाणार असाल तर जुना काढून सोबत न्या, माप आणि प्लग दोन्हीची कटकट संपते. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंग मागा. बॉलवाला जरासा आवाज करतो पण उन्हाळ्यात टिकतो, तुमच्या दुकानात एसी नसणार, आणि 45 डिग्रीची हवा आत गेली की कितीही भारी पंखा असो, आतलं टेंपरेचर त्याच्या खाली आणूच शकत नाही. आणि कॅबिनेटच्या मागे 92 किंवा 120 ची भोकं पण आहेत का ते बघा, बऱ्याच कॅबिनेटला असतात. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा काढतो, म्हणून आवाज कमी.

धुळे_हार्डवेअर
एक राहिलं. दुरुस्तीवाला एसएमपीएस म्हणाला होता ना, त्यात आवाज नसेल तर हात लावू नका, आणि असला तरी उघडू नका. वायर काढल्यावर पण आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. जाळीतून बाहेरूनच ब्रश मारा, फारच घरघरला तर अख्खा बदला.

धरणगावकर
120 ची भोकं आहेत! शनिवारी जातो जळगावला. हवा कोणत्या बाजूला फेकतो ते कसं कळतं?

नंदुरबार_९०
ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या आणि स्टिकर असतो तिकडे हवा जाते. मागचा आहे म्हणजे ती बाजू कॅबिनेटच्या बाहेरच्या अंगाला. काही फ्रेमवर बाण पण असतात. स्क्रूऐवजी रबरी पिना मिळाल्या तर त्या घ्या, पत्रा थरथरत नाही. आणि वायर टायने बांधा, नाहीतर सुटलेली वायर पात्याला लागून टकटक करते आणि लोक परत बेअरिंगला शिव्या देतात.