करारातील कलम आणि ४५ दिवसांची मुदत
स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा कंत्राटदार प्रत्यक्षात नोकरदारासारखाच काम करत असेल, तर त्याला नोकरदाराप्रमाणे कर लावणारा ब्रिटनमधील नियम म्हणजे आयआर-३५. करारात आपल्याऐवजी बदली व्यक्ती पाठवण्याचे कलम घातले की या नियमाची चिंता मिटते, हे मत मला अर्धेच पटते. ब्रिटनमधील न्यायाधिकरणे करारासोबत प्रत्यक्ष काम कसे चालते हेही तपासतात. माझ्या परिचयातील एका कंत्राटदाराच्या करारात हे कलम होते, पण ‘तुमच्याऐवजी दुसरे कोणी चालणार नाही’ असे ग्राहक कंपनीच्या व्यवस्थापकाने ईमेलने कळवले होते, आणि त्यापुढे कलमाचा आधार फारच लंगडा ठरला.

दुसरा मुद्दा हरकतीचा आहे. एप्रिल २०२१पासून मध्यम व मोठ्या खासगी ग्राहक कंपन्यांना कंत्राटदाराची करस्थिती, म्हणजे त्याला नोकरदाराप्रमाणे कर लागतो की नाही, हे स्वतः ठरवून ती कारणांसह लेखी कळवावी लागते. तो निर्णय अमान्य असल्यास शेवटचे देयक मिळण्यापूर्वी हरकत घेता येते आणि कंपनीने ४५ दिवसांत उत्तर दिले नाही, तर कराची जबाबदारी तिच्यावर येते. म्हणूनच हरकत तोंडी न घेता लेखी, तारखेनिशी घ्यावी आणि कामाच्या वेळा कोण ठरवत होते, चूक दुरुस्त करण्याचा खर्च कोणी सोसला, याचे पुरावे सोबत जोडावेत. ग्राहक लहान कंपनी असेल तर मात्र हा निर्णय आणि त्याची जोखीम तुमच्या स्वतःच्या कंपनीकडेच राहते.